पाहुण्याची पस्तीस मिनिटं

रविवारी सायंकाळी सहा वाजून पंधरा मिनिटांनी कप्तानाच्या मांडीचा स्नायू फाटला. हंगामातला शेवटचा सामना, अठ्ठावन्नावं मिनिट, गोलफलक शून्य-शून्य. बरोबरी टिकली तर संघ याच श्रेणीत राहणार होता. एक गोल खाल्ला की थेट खालच्या श्रेणीत. कप्तान धावता धावता थबकला, उजवा हात मांडीच्या मागे नेला आणि गवतावर बसला. बसला तो उठलाच नाही.

बदली खेळाडूंच्या बाकावर सात जण होते. त्यांत बचावपटू दोन. एक वीस वर्षांचा, मोठ्या सामन्यात अजून पाऊलही न टाकलेला. दुसरा छत्तीस वर्षांचा, नऊ क्लबांचं पाणी प्यायलेला. या दुसऱ्याला सगळे 'पाहुणा' म्हणत. कप्तान बसला तेव्हा पाहुण्याने सवयीने मोजे वर ओढले आणि मैदानाऐवजी आधी समोरच्या मोठ्या घड्याळाकडे पाहिलं.

त्याला कारण होतं. त्याच्या करारात अकरावं कलम होतं: हंगामात लीगचे पंचवीस सामने, प्रत्येकी किमान तीस मिनिटं, खेळल्यास करार आपोआप एका वर्षाने वाढेल. पाहुण्याचे चोवीस झाले होते. चोविसावा झाला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून तो बाकावर होता. एक नाही, दोन नाही, चार सामने.

कारण लपवलेलंही नव्हतं. प्रशिक्षकांना क्लबात सगळे मास्तर म्हणत, आणि मास्तर सरळ माणूस होते. महिन्यापूर्वी त्यांनी पाहुण्याला सामानाच्या खोलीत बोलावून घेतलं होतं. चेंडूंच्या जाळ्या आणि खुणेचे शंकू यांच्यामध्ये उभं राहून, त्याच्या डोळ्यांकडे न बघता ते म्हणाले होते, वरून निरोप आलाय. अध्यक्षांचं म्हणणं, छत्तीस वर्षांच्या गुडघ्यांवर पुढच्या वर्षीचा संघ उभा करता येत नाही. तुझ्या खेळाबद्दल कुणाची तक्रार नाही.

"तुमची?" पाहुण्याने विचारलं होतं.

"माझी असती तर मी तुला इथे बोलावलं नसतं. बाहेर सगळ्यांसमोर झापलं असतं."

पाहुणा हसला आणि सरावाला गेला. अध्यक्षांचा मुद्दा त्याला खोटाही वाटला नव्हता. गुडघे त्याचेच होते, सकाळी जिना उतरताना काय बोलतात ते त्यालाच ऐकू यायचं. प्रश्न गुडघ्यांचा नव्हताच. प्रश्न बायकोच्या दुकानाचा होता.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं, पाहुण्याचं टेम्पोत. सतरा वर्षांत नऊ क्लब म्हणजे नऊ घरं. क्लबाने दिलेल्या प्रत्येक घरात बायको आधी खिडक्या मोजायची, कारण मागच्या घरचे पडदे पुढच्या घराला कधीच बसत नसत. कुठे वीतभर आखूड, कुठे जमिनीवर लोळणारे. ती ते उसवायची, दुमड सोडायची, खाली वेगळ्या कापडाची पट्टी जोडायची. सहाव्या घरापर्यंत पडद्यांवर एवढे जोड झाले की शेजारणीला ती फॅशन वाटली आणि तिने तसेच शिवून मागितले. तिथून सुरुवात झाली. या गावात येऊन अडीच वर्षं झाली होती, आणि पाच महिन्यांपूर्वी मैदानापासून दोन गल्ल्या सोडून बायकोने स्वतःच्या नावाची पाटी लावली. दोन शिलाई मशीन, एक लांब कापणीचं टेबल, मदतीला एक बाई. पाटी लावताना स्टुलावर पाहुणाच उभा होता. ती खालून म्हणाली होती, "चार स्क्रू मार. तुझ्या हिशोबाने दोन पुरतील असं वाटेल, पण चार मार."

मुलगी पंधरा वर्षांची. सहा शाळा झालेल्या. शेवटची दोन वर्षं राहिलेली. ती बोलायला आईपेक्षा तिखट. एकदा जेवताना तिने बाबाला सांगून ठेवलं होतं, "या वेळी जायचं असेल तर मला आधी सांग. मैत्रिणी कमी करायला वेळ लागतो."

तर आणखी एक वर्ष. एवढंच. चषक नको, पदक नको. सतरा वर्षांत त्याच्या वाट्याला एकही चषक आला नव्हता. चारशेच्या वर सामने, नावावर तीन गोल, त्यातला एक स्वतःच्याच जाळ्यात. तोही एवढा सुरेख की त्या गावात आजही त्याची आठवण काढतात म्हणे. तहान लागली की विहीर खणायला निघणारे क्लब त्याला जानेवारीत बोलावत, मे महिन्यात पाठीवर थाप मारत आणि जूनमध्ये निरोप देत. 'पाहुणा' हे नाव तिसऱ्या क्लबात पडलं. तिथल्या म्हाताऱ्या गोलरक्षकाने त्याची बॅग कपाटात न ठेवता बाकाखाली ठेवलेली पाहिली आणि विचारलं, काय पाहुणे, चहा घेऊन लगेच निघणार का? क्लब बदलले, पण खेळाडूही क्लब बदलतातच. नाव त्यांच्यासोबत त्याच्या आधीच पुढच्या गावी पोचायचं.

खेळाची त्याची एकच पद्धत. तो पडायचा नाही. पहिल्या क्लबातल्या प्रशिक्षकाने शिकवलं होतं, बचावपटूने चेंडूसाठी जमिनीवर घसरून अंग टाकलं म्हणजे चूक आधीच झालेली असते, आपण फक्त ती पुसत असतो. तू आधी पोच, उभा राहा, समोरच्याला विचार करायला लाव. विचार करणारा आघाडीवीर अर्धा मेलेला असतो. पाहुणा तेच करत आला. प्रेक्षकांना त्यात काही दिसायचं नाही. घसरून चेंडू काढणाऱ्याला टाळ्या मिळतात. जिथे चेंडू येणार तिथे आधीच उभ्या असलेल्या माणसाला कोण टाळ्या देतो? ओळखायची ती एकटी कपडे धुणारी मावशी. तिच्याकडे अकरा जणांच्या चड्ड्या यायच्या, आणि कुणाचा सामना कसा झाला ते तिला निकाल न ऐकता कळायचं. पाहुण्याची चड्डी ती नुसती पाण्यातून काढायची. "तुझ्यामुळे माझा साबण वाचतो," असं ती अडीच वर्षं म्हणत आली होती, आणि कुणी त्याच्याबद्दल बोललेलं यापेक्षा चांगलं वाक्य त्याला आठवत नव्हतं.

सहा सोळा. कप्तानाला स्ट्रेचरवरून नेलं. खेळ पुन्हा सुरू झाला, दहा जणांनिशी. मास्तर रेषेवर उभे होते. त्यांच्या मागे सहायक कानाला फोन लावून. फोन वरच्या काचेच्या कक्षातून होता हे बाकावरच्या सगळ्यांना ठाऊक होतं. सगळे बुटांच्या नाड्या बघत बसले.

सहायक पुढे वाकून म्हणाला, अध्यक्ष विचारतायत, नवा पोरगा तयार आहे ना?

मास्तरांनी बाकाकडे पाहिलं. नवा पोरगा वॉर्म-अपचं जॅकेट काढत होता, पण चेन अर्ध्यात अडकली होती. पाहुणा जॅकेट काढून, घडी करून, मांडीवर ठेवून बसला होता.

"त्यांना सांग, मी कामात आहे."

सहायक फोनमध्ये काहीतरी पुटपुटला, त्याने ऐकून घेतलं आणि तो पुन्हा वाकला. या वेळी त्याचाच चेहरा उतरला होता. "ते म्हणतात, पाहुण्याला घाला हवं तर. फक्त दोन मिनिटं थांबा."

दोन मिनिटांनी साठावं मिनिट ओलांडणार होतं. तिसाला एक मिनिट कमी पडलं तरी कलम लागू होत नाही. वरच्या कक्षात क्लबाच्या चिटणीसांनी बोटांवर मोजून सांगितलं असणार. मास्तरांना हे समजायला जेवढा वेळ लागला तेवढाच त्यांनी घेतला. मग ते वळले आणि बाकावरच्या प्रत्येकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ऊठ. पाणी नंतर पी."

बदलीची चिठ्ठी चौथ्या पंचाच्या हातात पडली तेव्हा एकोणसाठावं मिनिट संपायला वीस सेकंद होती. पाहुणा रेषेपाशी उभा राहिला. चौथ्या पंचाने त्याच्या बुटांचे खिळे तपासले, आकड्यांची पाटी तयार धरली. आता चेंडू बाहेर जायचा अवकाश.

चेंडू बाहेर जाईना.

बदली होते ती खेळ थांबल्यावरच, आणि खेळ थांबेचना. समोरचा संघ अकरा जणांचा, यांचे दहा. त्यांनी चेंडू असा फिरवायला घेतला की जणू पाहुण्याला दाखवण्यासाठीच. उजवीकडून डावीकडे, मागे, पुन्हा उजवीकडे. साठावं मिनिट गेलं. एकदा चेंडू रेषेवरून घरंगळला, झेंडेवाल्या पंचाने हात हलवला नाही. एकसष्टावं गेलं. पाहुण्यापासून तीन हातांवरून त्यांचा कडेने खेळणारा खेळाडू चेंडू घेऊन गेला. पाय पुढे केला असता तरी लागला असता. सतरा वर्षं ज्याने चेंडू बाहेर घालवून पोट भरलं, तो माणूस चेंडू बाहेर जाण्याची वाट बघत रेषेवर उभा होता. अखेर यांच्या गोलरक्षकाने एक उंच चेंडू मुठीने ठोसून प्रेक्षकांत पाठवला. पाटी वर गेली. घड्याळात बासष्टावं मिनिट, सहा वाजून एकोणीस.

मैदानात पाऊल टाकताना पाहुण्याने वजाबाकी करून घेतली. नव्वदातून बासष्ट गेले, अठ्ठावीस राहिले. भरपाईची मिनिटं धरली तर तीस होतील. धरतात की नाही, ते त्याला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं, कारण हा प्रश्न आजवर कुणी विचारलाच नव्हता. मग त्याने वजाबाकी डोक्यातून काढून टाकली आणि डाव्या बचावपटूला ओरडून तीन पावलं आत घेतलं.

समोरच्या संघाचा आघाडीवीर लांबू. पाचव्या क्लबात चौदा महिने पाहुणा आणि तो एकाच खोलीत राहिले होते. लांबू झोपेत दात खायचा. आता तो पाहुण्याच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला.

"तू अजून जिवंत?"

"तुला घालवून जाईन म्हणतो."

"बायको काय करते?"

"पडदे शिवते. बघायला आली आहे. नीट खेळ."

"तिला सांग, माझ्याकडे पाच खिडक्या आहेत," लांबू म्हणाला आणि त्याच श्वासात पाहुण्याच्या बरगडीत कोपर घालून चेंडूवर झेपावला. पाहुणा तिथे आधीच होता. चेंडू डोक्याने बाहेर.

पुढची वीस मिनिटं वर्णन करण्यासारखी नाहीत, आणि तेच त्यांचं मोठेपण. समोरच्यांचा चेंडू यायचा आणि पाहुण्यापाशी थांबायचा. कॉर्नर आला, पाहुण्याने काढला. लांब पास आला, पाहुणा आधीच तिथे. बचावफळी चार जणांची, पण ती एका माणसाच्या हाताच्या इशाऱ्यावर पुढे-मागे होत होती, मेजावरून कापड सरकावं तशी. डावा बचावपटू तासभर घाबरून खेळला होता. तो आता शीळ घालत खेळायला लागला. एकाहत्तराव्या मिनिटाला पाहुण्याने सगळ्यांना एक पाऊल पुढे घेतलं आणि समोरचे तीन जण एकदम ऑफसाइड सापडले, तेव्हा प्रेक्षकांतून पहिल्यांदा त्याचं नाव आलं. एका कोपऱ्यातून. हळू, चाचपल्यासारखं.

चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला लांबूचा हेडर आडव्या खांबावर आदळला. चेंडू परत खेळात आला, पाहुण्याने तो थेट रस्त्यावर घालवला.

आणि इथून पुढे त्याची खरी कसोटी सुरू झाली, जी बघणाऱ्या बारा हजारांपैकी फार तर चौघांना कळत असेल. संघाला खेळ लवकर संपायला हवा होता. गोलरक्षक प्रत्येक गोलकिकला चेंडू तीनदा ठेवून तीनदा उचलत होता. पंचांनी त्याला पिवळं कार्ड दाखवलं आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बोट केलं: वाया घालवाल तेवढं शेवटी जोडीन. म्हणजे सहकारी जो वेळ मारत होते तो पाहुण्याच्या खात्यात जमा होत होता. सगळं मैदान शिट्टीसाठी देव पाण्यात घालून बसलं होतं आणि तिथे एकच माणूस होता ज्याला आणखी मिनिटं हवी होती; तोच बचावाच्या मधोमध उभा होता. प्रत्येक जादा मिनिट त्याला घर देणारं, आणि प्रत्येक जादा मिनिट संघाला बुडवू शकणारं.

अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला एका टकरीत त्याच्या घोट्यावर पाय पडला. गोलरक्षक धावत आला आणि ओठ न हलवता म्हणाला, "झोप. दोन मिनिटं झोप. फिजिओला बोलवतो."

कुणी काही म्हटलं नसतं. उलट शाबासकी दिली असती. संघाला तेच हवं होतं आणि त्यालाही. पण पाहुण्याला एकाएकी असं वाटलं की आता आपण झोपलो तर ती दोन मिनिटं चोरीची होतील, आणि चोरीचं घर बायको एका नजरेत ओळखेल. तो उठला. घोटा झटकला. "गोलकडे जा," तो म्हणाला, "आणि तोंड बंद कर, घसा बसलाय तुझा."

नव्वदाव्या मिनिटाला चौथ्या पंचाने पाटी वर धरली. सात.

मैदानभर कण्हल्यासारखा आवाज झाला. लहानथोर डोक्याला हात लावून बसले. पाहुण्याच्या छातीत मात्र काहीतरी उडी मारून उठलं, आणि पाठोपाठ त्याला स्वतःची शरम वाटली. दोन्ही एकाच क्षणी. मग समोरून चेंडू आला आणि दोन्हींना जागा उरली नाही.

ब्याण्णवाव्या मिनिटाला त्याची तीस मिनिटं भरली. ते त्याला कळलं नाही. तेव्हा सलग तिसरा कॉर्नर चालू होता आणि लांबूने त्याचा शर्ट मुठीत धरला होता. घड्याळाकडे बघायला डोकं वळवलं असतं तर सामना तिथेच गेला असता.

पंचाण्णवावं मिनिट. मध्यभागी यांच्या एका दमलेल्या खेळाडूचा पास तोकडा पडला. लांबू निसटला. समोर गोलरक्षक, मागे एकटा पाहुणा, चार पावलांनी उशिरा. छत्तीस वर्षांच्या गुडघ्यांवर चार पावलं म्हणजे दुसरं गाव. पाहुणा धावला. दोन पावलं भरून काढली, त्यापुढे अंतर कमी होईना. गोलरक्षक पुढे यायला लागला तसा पाहुणा ओरडला, "थांब तिथेच."

कारण त्याला लांबू ठाऊक होता. चौदा महिने एका खोलीत काढलेला माणूस कसा झोपतो हे जसं कळतं, तसं तो घाबरला की काय करतो हेही कळतं. लांबूच्या डाव्या गुडघ्यावर पाचव्या क्लबात असतानाच शस्त्रक्रिया झाली होती. रुग्णालयातून त्याला पाहुण्यानेच आणलं होतं. तेव्हापासून लांबू धावत्या पायावर फटका मारत नसे. मारण्याआधी एक जादा स्पर्श घ्यायचा, चेंडू हातभर पुढे सारायचा, शरीर सावरायचं, मग मारायचं. तेवढा एक स्पर्श. त्याआधी अंग टाकलं तर पेनल्टी, नंतर टाकलं तर गोल.

पाहुणा थांबला नाही, पडला नाही, धावत राहिला. लांबूने चेंडू हातभर पुढे सारला.

पाहुण्याने अंग टाकलं.

अडीच वर्षांत पहिल्यांदा. उजवी मांडी, नितंब, कोपर, सगळं एका रेघेत चिखलातून गेलं, आणि बुटाचं टोक चेंडूला लागलं. आधी चेंडूला. चेंडू गोलरक्षकाच्या हातात गेला, आणि लांबू पाहुण्यावरून कोलमडून पलीकडे पडला. सगळं मैदान पंचाकडे बघायला लागलं. पंच धावत आले, जवळ आले, आणि दोन्ही हात आडवे पसरले. काही नाही. खेळा.

लांबू चिखलात उताणा पडून आकाशाकडे बघत म्हणाला, "हरामखोरा, तू तर पडत नाहीस."

"तू तर चुकत नाहीस," पाहुणा म्हणाला आणि त्याला हात देऊन उठवलं.

सहा वाजून चोपन्न मिनिटांनी शेवटची शिट्टी झाली.

त्यानंतर काय झालं याबद्दल बारा हजार लोकांची बारा हजार वर्णनं आहेत. कुंपणं कोसळली नाहीत, पण लोक त्यांवरून आले. मास्तर आडदांड माणूस. ते गुडघ्यांवर बसून गवत उपटत होते. कप्तान कुबड्या टेकत आला आणि कप्तानपदाची पट्टी काढून त्याने पाहुण्याच्या दंडावर चढवली. सतरा वर्षांत ती पट्टी त्या दंडावर कधी चढली नव्हती, आणि सामना संपल्यावर तिला काही अर्थही नव्हता, तरी पाहुण्याने ती नीट सरळ केली. लोकांनी त्याला उचललं. ज्या कोपऱ्यातून मघाशी नाव चाचपत आलं होतं तिथून आता चारी बाजूंना एकच घोषणा चालली होती: पाहुणा जायचा नाही, पाहुणा जायचा नाही. ज्यांना अकराव्या कलमाचा पत्ताही नव्हता तेही घसा फोडून तेच म्हणत होते.

खांद्यांवरून त्याने बायकोला शोधलं. ती पूर्वेच्या बाजूला पाचव्या रांगेत उभी होती, मुलीच्या खांद्यावर हात ठेवून. ती ओरडत नव्हती. तिने उजव्या हाताची तीन बोटं वर केली, मग पाच. कापड कापताना जी बाई अर्ध्या बोटाची चूक करत नाही, तिने मोजलं होतं. पस्तीस.

कपडे बदलायच्या खोलीत मावशीने त्याच्या चड्डीकडे पाहिलं. उजवी बाजू कमरेपासून गुडघ्यापर्यंत काळी होती.

"हे काय करून आलास?"

"एकदाच, मावशी."

"दे इकडे," ती म्हणाली. "ही मी हाताने धुणार. मशीनमध्ये नाही घालायची."

अध्यक्ष सव्वासातला खाली आले. त्यांनी प्रत्येकाशी हात मिळवला. ते वाईट माणूस नव्हते. त्यांचे डोळे लाल होते आणि गळाबंद कोटावर कुणीतरी सरबत सांडलं होतं. पाहुण्याचा हात त्यांनी इतरांपेक्षा जरा जास्त वेळ धरला. "आज तुम्ही क्लब वाचवलात," ते म्हणाले. सगळे पुढच्या वाक्याची वाट बघत होते. "बाकीचं कागदावर बघू."

"बघा," पाहुणा म्हणाला. "मी इथेच आहे."

हे तो कुठल्याही क्लबात, कुठल्याही अध्यक्षाला, आजवर बोलला नव्हता. बॅग त्या दिवशी त्याने बाकाखाली ठेवली नाही. कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकून चालत घरी गेला. घरही दुकानापाशीच; दोन गल्ल्यांच्या वाटेला पाऊण तास लागला, कारण दर दहा पावलांना कुणीतरी थांबवत होतं.

यापुढचं कागदावरचं आहे. सोमवारी सकाळी लीगच्या संकेतस्थळावर सामन्याचा तक्ता आला. पाहुण्याच्या नावापुढे आकडा होता अठ्ठावीस. तक्त्यात मिनिटं नव्वदपर्यंतच मोजतात, भरपाईची धरत नाहीत; तशी रीत आहे, नियम कुठे लिहिलेला नाही. चिटणीसांनी तो तक्ता छापून क्लबातर्फे पत्राला जोडला: अट पूर्ण झालेली नाही, करार तीस जूनला संपेल. मंगळवारी खेळाडू संघटनेच्या वकीलबाईंनी उत्तर दिलं. करारात 'तक्त्यातली मिनिटं' असं लिहिलेलं नाही, 'खेळलेली मिनिटं' असं लिहिलं आहे; आणि पंचाण्णवाव्या मिनिटाला त्यांच्या अशिलाने जे केलं ते खेळात धरायचं नसेल, तर समोरच्या संघाचा तो गोल झाला असता तर तोही धरला नसता का, हे क्लबाने कळवावं. सोबत मास्तरांचं निवेदन होतं, स्वतःच्या अक्षरात, दीड पानाचं: चिठ्ठी कोणत्या मिनिटाला दिली, त्याआधी फोनवर काय निरोप आला. ते पाठवल्यावर आपली नोकरी राहते की जाते हे मास्तरांना माहीत नव्हतं. त्यांनी निवेदनाची एक प्रत पाहुण्याला दिली आणि म्हणाले, शुद्धलेखन बघ जरा.

बुधवारी लांबूचा फोन आला. घोटा कसा आहे, असं विचारून झाल्यावर त्याने खिडक्यांची मापं सांगितली. चेष्टा नव्हती, खरोखरच पाच खिडक्या होत्या. बायकोने ती लिहून घेतली आणि ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्याची तारीख दिली. ऑगस्ट म्हणताना ती अडखळली नाही. पाहुण्याने ते ऐकलं आणि कापणीच्या टेबलाचं दुसरं टोक धरून कापड ताणायला उभा राहिला.

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता लीगच्या कार्यालयात या वादाचा निकाल द्यायला तीन जणांची समिती बसली. दोन वकील आणि एक निवृत्त पंच. सामन्याची चित्रफीत त्यांनी शेवटपर्यंत पाहिली; पंचाण्णवावं मिनिट निवृत्त पंचाने पुन्हा लावायला सांगितलं, ते कामासाठी की आवडीसाठी, हे कळायला मार्ग नाही. दुपारी दीड वाजता समिती जेवायला उठली, तेव्हा निर्णय झालेला नव्हता.